पावसाळ्यात साप घराबाहेर ठेवताना

विषारी चार : नाग, मण्यार, घोणस, फुरसे. महाराष्ट्रातले बहुतेक जीवघेणे दंश यांचेच. धामण, दिवड, कवड्या बिनविषारी.

मण्यार की कवड्या? कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात, शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे मानेच्या बरेच खाली सुरू होऊन शेपटीपर्यंत ठळक राहतात. शंका असेल तर मण्यारच समजा. ती रात्री फिरते. दंश फारसा दुखत नाही, म्हणून झोपेत कळतही नाही. जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात.

साप घरात येतो कशासाठी? उंदीर, बेडूक, पाली आणि कोरडा आडोसा.

वाट बंद करा
• मोरीच्या भोकाला पाव इंचाहून बारीक जाळी. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी.
• धान्य झाकणाच्या पिंपात. उष्टं-खरकटं अंगणात नको.
• सरपण, विटा, कौलं भिंतीपासून दूर. गोवऱ्यांच्या ढिगात थेट हात घालू नका, आधी काठीने हलवा.
• खिडकीला टेकलेल्या फांद्या छाटा. बूट झटकून घाला.

फिनाइल, कार्बोलिक ॲसिडचा भरवसा धरू नका.

कायदा : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972. साप मारणे, पकडून बाळगणे गुन्हा. साप दिसल्यास लांब राहून वनविभागाला कळवा : 1926.

दंश झाल्यास : आवळून बांधू नका, चिरू नका, चोखू नका. दंशाचा भाग स्थिर ठेवून 108 ला फोन करा. वरच्या चारही सापांच्या विषांवर चालणारं प्रतिविष सरकारी रुग्णालयात मोफत मिळतं.