सायकलीची दोन धाकटी चाके



परंड्याच्या माणसाला यंत्र म्हटले की तोफ आठवते. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली मुलूखमैदान तोफ १६३२ साली येथूनच विजापुरास नेली गेली. मला आज बोलावयाचे आहे ते मात्र मुठीत मावणाऱ्या दोन चाकांविषयी.

माझ्या परिचयातला एक विद्यार्थी खेड्यातून रोज गिअरच्या सायकलीवर कॉलेजला येत असे. चेन वारंवार उतरू लागली. दुकानात सांगण्यात आले, "अख्खा गिअर बदलावा लागेल." तेवढे पैसे घरात नव्हते. सायकल गोठ्यात गेली आणि मुलाचे शिक्षण एस. टी.च्या वेळेवर लोंबकळू लागले. काही महिन्यांनी उघडून पाहिले, तो झिजली होती फक्त दोन दातेरी चाके!

गिअर बदलणाऱ्या मागच्या यंत्राला डिरेलर म्हणतात. फ्रान्सच्या प्रसिद्ध शर्यतीत, टूर द फ्रान्समध्ये, त्याला परवानगी मिळाली ती १९३७ साली. त्याच्या लोंबत्या पिंजऱ्यात दोन लहान चाके असतात; त्यांना जॉकी व्हील किंवा पुली म्हणतात. वरची पुली चेनला एका चकतीवरून दुसरीवर नेते. खालची पुली स्प्रिंगच्या जोराने चेन ताणून धरते. कारण मोठ्या चकतीवरून लहान चकतीवर येताच चेन सैल पडते.

या चाकांवर भार फारसा नसतो. मग ती झिजतात कशाने? पुढच्या चकतीला ४४ दाते आणि पुलीला ११ दाते असतील, तर पायडलच्या एका फेरीत पुलीच्या चार फेऱ्या होतात. मिनिटाला ६० वेळा पायडल मारले, तर तासाला १४,४०० फेऱ्या! त्यात आपल्याकडची धूळ. तेलात धूळ मिसळली की ते तेल राहत नाही. धार लावण्याचा लेप बनतो आणि दाते खात राहतो.

परीक्षा सोपी आहे. नव्या पुलीचे दाते बसके असतात. झिजल्यावर ते भाल्यासारखे टोकदार होतात. चेन बाजूला धरून पुली बोटाने फिरवावी. ती अडखळते का, कुरकुरते का, हे पाहावे. मात्र वरची पुली आडवी थोडी हलते म्हणून तिला लगेच बाद करू नये. चेनने आपली वाट आपण धरावी, यासाठी अनेक बनावटींत एवढी मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. नुसते 'चीं चीं' वाजत असेल, तर बहुधा आतला बुश कोरडा पडलेला असतो. केबल सैल आहे का, डिरेलर अडकवण्याची पट्टी वाकली आहे का, हेही आधी पाहून घ्यावे.

आता उघडण्याविषयी. चेन सर्वांत लहान चकतीवर घ्यावी आणि ती पिंजऱ्यातून कशी गेली आहे, याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. बहुधा ३ मिलिमीटरची ॲलन किल्ली लागते. एका वेळी एकच पुली काढावी, म्हणजे वरची खाली आणि खालची वर बसण्याचा घोटाळा होत नाही. पुली, बुश व बाजूच्या टोप्या साबणाच्या पाण्याने धुऊन कोरड्या कराव्या. बुशला आतून ग्रीसचा पातळ हात द्यावा. दात्यांना देऊ नये, तेथे धूळच चिकटेल. आत बंद बेअरिंग असेल, तर त्यात रॉकेल सोडू नये. ते खरखरत असल्यास बदलणेच बरे. नवी पुली घेताना दाते तितकेच आणि भोक व जाडी जुळती हवी. फिरण्याच्या दिशेचा बाण असल्यास तो पाळावा. स्क्रू घट्ट केल्यावरही पुली मोकळी फिरली पाहिजे.

एक गोष्ट मात्र विसरू नये. चेन जुनी ठेवून केवळ पुली बदलणे म्हणजे रोग्याला ठेवून अंथरूण बदलणे होय. नव्या चेनच्या २४ कड्या, पिनेपासून पिनेपर्यंत, बरोबर १२ इंच भरतात. माप १/१६ इंचाने वाढले की चेन बदलावी. १/८ इंचापर्यंत वाट पाहिली, तर मागच्या चकत्याही बहुधा बदलाव्या लागतात.

२०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. एवढी मजल आपल्याला मारावयाची नाही. पण कॉलेजपर्यंतचा रोजचा रस्ता ज्याचा त्याला तेवढाच मोलाचा असतो.

त्या मुलाची सायकल गोठ्यातून बाहेर आली. खर्च नव्या गिअरच्या किमतीचा लहानसा अंश झाला. मधल्या काळात बुडालेले तास मात्र परत आले नाहीत. म्हणून माझे मागणे एवढेच, की कोणी "अख्खे बदला" म्हटले, तर आधी विचारावे, "यात नेमके झिजले आहे काय?"