मे महिन्यातलं अर्थिंग

शिरपामाळाच्या परिसरात, एकूणच जव्हार-मोखाड्याच्या पठारावर, मातीचा थर पातळ आणि खाली काळा कातळ. पावसाळ्यात ही माती चिंब असते, मे महिन्यात विहिरी तळ गाठतात. मोटरच्या अर्थिंगचा खड्डा याच मातीत असतो, तरी कोळसा-मीठ भरून पट्टी गाडली की काम झालं असं सर्रास मानलं जातं. ते चूक आहे. साडेसात अश्वशक्तीची थ्री-फेज मोटर साधारण 11 अँपिअर घेते, मागे 25 किंवा 32 अँपिअरचा फ्यूज असतो. खड्ड्याचा रोध 10 ओहम आणि ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलचा 2 ओहम धरा. वाइंडिंग बॉडीला लागलं, तर मातीतून परतणारा प्रवाह 230 भागिले 12, म्हणजे जेमतेम 19 अँपिअर. फ्यूज शाबूत राहतो आणि बॉडीवर 190 व्होल्ट उभे असतात. उन्हाळ्यात माती सुकून खड्डा 50 ओहमवर गेला, तर गळती साडेचार अँपिअरच्या आत येते आणि बॉडीवरचा दाब 220 च्या घरात जातो. ओव्हरलोड रिले आहे ना, असं कुणी म्हणेल. पण तो मोटर जळू नये म्हणून असतो; पडलाच तर उशिरा पडतो, आणि दोष त्याच्या आधीच्या वायरमध्ये असेल तर त्याला कळतही नाही.

म्हणून भरवसा ठेवायचा तो पॅनेलच्या अर्थ-बारपासून मोटरच्या बॉडीपर्यंत नेलेल्या तारेवर आणि गळती ओळखणाऱ्या ब्रेकरवर. मोटरच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या हव्यात, हे 1956 च्या विद्युत नियमांतच होतं. 300 मिलिअँपिअरचा ब्रेकर 50 ओहमच्या खड्ड्यावरही बॉडी 15 व्होल्टला पोचताच पडतो. पावसात तो सारखा पडतो म्हणून बायपास केला जातो, ही तक्रार खरी आहे. पण वारंवार पडणारा ब्रेकर बहुधा केबलच्या जोडात किंवा टर्मिनल बॉक्समध्ये पाणी शिरल्याचं सांगत असतो. तिथे इन्सुलेशन तपासणारा मेगर लावायचा, ब्रेकर काढायचा नाही. बॉडीला जागेवरच न्यूट्रल जोडणं तर त्याहून घातक: मागे न्यूट्रल तुटला की धडधाकट मोटरचीही बॉडी जिवंत होते.

दोष मुकाट राहता कामा नये, हे कंट्रोल वायरिंगलाही लागू. टाकीवरच्या फ्लोट-स्विचची तार उन्हापावसात लांबवर ओढलेली, कुठेतरी घासून उघडी पडणारच. कंट्रोल ट्रान्सफॉर्मरचं एक टोक अर्थ केलेलं असेल, स्टार्टरच्या कॉइलचं एक टर्मिनल थेट त्या टोकाला आणि सगळे स्विच दुसऱ्या बाजूला असतील, तर उघडी तार अर्थ-तारेला जोडलेल्या धातूला लागताच कंट्रोल फ्यूज जातो आणि मोटर थांबते. स्टॉप बटण कॉइल आणि अर्थ यांच्यामध्ये घातलं, तर तोच एक दोष बटणाला वळसा घालतो. दाबलं तरी मोटर चालूच. कुठलंच टोक अर्थ केलेलं नसेल, तर पहिला दोष मुकाट राहतो आणि दुसरा नेमका स्टॉप बटण निकामी करू शकतो.

जुन्या नियमांनी वीजपुरवठादाराला अर्थिंग कोरड्या ऋतूतल्या कोरड्या दिवशी मोजायला सांगितलं होतं. पंपघर आणि भातगिरणी चालवणाऱ्यांनीही तेच करावं: मोजणी मे महिन्यात करून आकडा आणि तारीख खड्ड्याशेजारच्या पाटीवर रंगवावी, आणि त्याच दिवशी ब्रेकरचं टेस्ट बटण दाबून पाहावं.