पोकळीत सोनं की पायराइट?

मघाशी एकांनी विचारलं, घाटकोपरच्या टेकडीवर निव्वळ धातू सापडेल का? इथला खडक बेसाल्टचा. त्याच्या पोकळ्यांत आपल्याला बहुधा झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी मिळते. अमेरिकेत लेक सुपीरियरच्या काठी, केवीनॉला मात्र बेसाल्टच्याच पोकळ्यांत चक्क तांबं भरलेलं आहे! तेव्हा आशा ठेवू, पण पिवळं चमकलं की सोनं म्हणायचं नाही. टाइलच्या खरखरीत पाठीवर घासून पाहू: सोन्याची रेघ पिवळी, पायराइटची हिरवट काळी. आणि नमुना उचलला त्याच दिवशी जागा चिठ्ठीवर लिहायची. आमच्या पेटीत बिनचिठ्ठीचे खडे आहेत. देखणे आहेत, पण कुठले, ते आता कोण सांगणार?