पिकअप घेताय? आधी गोण्या मोजा!

राळेगणसिद्धीतून नेप्तीच्या बाजारात कांदा न्यायचाय, तर गाडी छोटी घ्यावी की मोठी? टाटा एस २००५ साली आली, डिझेल इंजिन ७०२ सीसी, दोन सिलिंडर. पन्नास किलोच्या पंधरा गोण्या ती आरामात नेते. बोलेरो पिकअपचं इंजिन २५२३ सीसी, चार सिलिंडर, टॉर्क चौपटीहून जास्त. चढाला भरलेली गाडी ओढतो तो हा टॉर्कच; हॉर्सपॉवरचा आकडा नंतर बघा. छोट्या इंजिनवर रोज जादा माल लादला की ते सतत खालच्या गिअरमध्ये रेटावं लागतं आणि मायलेजचा फायदा तिथंच संपतो. क्लचही लवकर जातो. पण रोज दुधाचे चार कॅनच न्यायचे असतील, तर मोठं इंजिन निव्वळ डिझेल खाईल. गोण्या तीसच्या घरात असतील, तर मात्र बिनधास्त मोठंच घ्या. ट्रायल घेताना गाडी भरूनच चालवा.