नंबर एक सांगतो, लाकूड दुसरंच

जून २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्तीज लिलावगृहात पिंक फ्लॉइडचे गिटारवादक डेव्हिड गिल्मोर यांचा गिटारसंग्रह विक्रीला निघाला. त्यात एक पांढरी फेंडर स्ट्रॅटोकास्टर होती. गिटारचा नेक बॉडीला जिथे जोडतात, तिथे मागच्या बाजूला चार स्क्रूंनी बसवलेली धातूची पट्टी असते. या गिटारच्या पट्टीवर ठोकलेला आकडा होता ०००१. ती १८ लाख १५ हजार डॉलरला गेली. हा आकडा वाचून कुणालाही वाटेल, जगातली पहिली स्ट्रॅटोकास्टर ती हीच! पण तसं नाही. ही गिटार १९५४ सालचीच आहे, पण तिच्या आधी बऱ्याच स्ट्रॅटोकास्टर कारखान्याबाहेर पडल्या होत्या आणि त्यांच्यावरचे आकडे हिच्यापेक्षा मोठे होते.

याचं उत्तर कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावच्या फेंडर कारखान्याच्या कामाच्या पद्धतीत सापडतं. नंबर ठोकलेल्या पट्ट्या एका डब्यात पडलेल्या असत. गिटार जोडणारा कामगार हात घालायचा आणि हाताला लागेल ती पट्टी बसवायचा. तळाशी गेलेली पट्टी कित्येक महिन्यांनी वर यायची. कंपनीचे संस्थापक लिओ फेंडर यांना नंबर हवा होता तो दुरुस्तीसाठी परत आलेली गिटार ओळखता यावी म्हणून. सत्तर वर्षांनी त्यावर कोट्यवधींचे व्यवहार होतील, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानीमनी असणार? म्हणूनच जुन्या फेंडरच्या बाबतीत नंबरवरून फारतर दोन-तीन वर्षांचा पट्टा कळतो, नेमकं साल नाही.

नेमकं साल शोधायचं तर स्क्रू खोलावे लागतात. नेक अलगद सुटला की त्याचं बॉडीत दडलेलं टोक दिसतं आणि तिथे अनेकदा पेन्सिलीने लिहिलेली तारीख सापडते. पन्नासच्या दशकातल्या काही नेकवर तारखेबरोबर ‘टीजी’ ही आद्याक्षरं असतात. ती टाडेओ गोमेझ या कारागिराची. पुढचं प्लॅस्टिकचं झाकण उघडलं, तर वायरींच्या खोबणीत चिकटपट्टीच्या तुकड्यावर ‘मेरी’ किंवा ‘ग्लोरिया’ असं एखादं नाव दिसतं. वायरी जोडणाऱ्या बायका आपलं काम अशी सही करून पुढे पाठवत. नेकवरच्या तारखेसाठी १९६२ पासून पेन्सिलीच्या जागी शिक्का आला. एखाद्या संशोधकाला दप्तरात मिळणार नाही इतकी जिवंत नोंद या लाकडात आहे, आणि ती पुसट झाली म्हणून घासून काढणारे लोकही आहेत, हे दुर्दैव.

त्याच खोबणीत आणखी एक साक्षीदार बसलेला असतो. आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणाखाली पोटेन्शिओमीटर असतो, ज्याला सगळे नुसतं ‘पॉट’ म्हणतात. अमेरिकी पॉटच्या धातूच्या डबीवर एक आकडा उमटवलेला असतो. समजा, तो ३०४६६१५ आहे. पहिले तीन अंक कंपनीचे : ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३७ असते तर सीटीएस. पुढचे दोन साल सांगतात, १९६६. शेवटचे दोन आठवडा, म्हणजे पंधरावा. तो पॉट १९६६ च्या एप्रिलमध्ये तयार झाला, इतकं चोख उत्तर मिळतं.

पण हे उत्तर पॉटचं आहे, गिटारचं नव्हे. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा प्रचंड साठा विकत घेतला आणि तो पुढची काही वर्षं वापरला. त्यामुळे १९६८ च्या गिटारमध्येही १९६६ चे पॉट सर्रास निघतात. यावरून जुन्या वाद्यांच्या कालनिर्णयाचा पहिला नियम ठरतो : गिटार तिच्या सर्वांत नव्या मूळ भागापेक्षा जुनी असू शकत नाही. त्यापेक्षा नवी मात्र असू शकते. नियमातला ‘मूळ’ हा शब्द महत्त्वाचा. पॉट नंतर बदलला असेल तर त्याची साक्ष बाद. ते कळतं डाखावरून. कारखान्यातला डाख एकसारखा, मळकट, वर्षानुवर्षांची धूळ धरलेला असतो. मागाहून दिलेला डाख चकचकीत दिसतो किंवा त्याचे ओघळ आलेले असतात.

गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांची ‘ब्लॅकी’ ही गिटार या नियमाची कसोटीच पाहते. १९७० मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये जुन्या स्ट्रॅटोकास्टर घाऊक घेतल्या. काही जॉर्ज हॅरिसन, पीट टाऊनशेंड आणि स्टीव्ह विनवूड या मित्रांना दिल्या आणि उरलेल्या तिघींचे उत्तम भाग निवडून एक काळी गिटार जुळवली. तिचे भाग १९५६-५७ चे. ती २००४ मध्ये ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरला विकली गेली. आता हिचं साल कोणतं? नंबर एका गिटारचा, नेक कदाचित दुसरीचा. क्लॅप्टन यांच्यामुळे तिला मोल आलं. अशीच जुळवाजुळव एखाद्या दुकानदाराने केली आणि ‘अस्सल १९५७’ म्हणून विकली, तर ती सरळ फसवणूक ठरते.

फेंडरच्या १९७६ नंतरच्या गिटारींवर नंबर हेडस्टॉकवर, म्हणजे नेकच्या खुंट्यांच्या टोकावर आला आणि काम सोपं झालं, असं वाटतं. ‘एस ७’ म्हणजे १९७७, ‘ई ४’ म्हणजे १९८४. प्रत्यक्षात ‘ई ४’ छापलेले नेक १९८७ पर्यंतच्या गिटारींवरही सापडतात.

गिब्सनची तऱ्हा वेगळी. मिशिगनमधल्या कॅलमझूच्या या कंपनीने १९५३ ते १९६० या काळात सॉलिड बॉडी गिटारींच्या हेडस्टॉकमागे शाईने नंबर उमटवला आणि त्याचा पहिला अंक सालाचा ठेवला. ९ ने सुरू झाला तर १९५९. संग्राहक ज्या लेस पॉल मॉडेलसाठी जीव टाकतात, ती हीच. मात्र साठच्या दशकात सगळा घोळ झाला. सहा आकडी नंबर लाकडात दाबून उमटवू लागले आणि तेच नंबर वेगवेगळ्या वर्षी पुन्हा वापरले. एकच नंबर १९६३ चा आणि १९६७ चाही असू शकतो. अशा वेळी नंबर बाजूला ठेवून फूटपट्टी काढायची. १९६५ मध्ये गिब्सनने नेकच्या वरच्या टोकाची रुंदी सुमारे ४३ मिलिमीटरवरून ४० मिलिमीटरच्या आत आणली. हाताला तो फरक लगेच कळतो. ‘मेड इन यूएसए’ हा ठसा दिसला तर गिटार १९७० किंवा त्यानंतरची.

तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग म्हणजे पिकअप. गिब्सनच्या पिकअपखालच्या चिठ्ठीची गोष्ट तर फारच रंजक आहे. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी गुणगुण मारणारा हंबकर पिकअप बनवला, त्याचा पेटंट अर्ज १९५५ चा. पेटंट मिळालं १९५९ मध्ये. सुरुवातीच्या पिकअपवर ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशी चिठ्ठी आहे. नंतरच्या चिठ्ठीवर पेटंट क्रमांक आला, पण तो पिकअपचा नाहीच. तो गिटारवादक लेस पॉल यांच्या तारा अडकवण्याच्या जोडकामाचा आहे. म्हणजे चुकीचा क्रमांक असलेली चिठ्ठीच अस्सल!

१९७७ पासून गिब्सनने आठ आकडी पद्धत आणली, ती मात्र वाचायला सुरेख आहे. नंबर ८०४५२५१७ असेल तर पहिला आणि पाचवा अंक जोडून साल मिळतं, १९८२. मधले तीन अंक वर्षातला दिवस, पंचेचाळिसावा, म्हणजे १४ फेब्रुवारी. शेवटचे ५१७ पाचशेच्या वर आहेत, म्हणून गिटार नॅशव्हिलच्या कारखान्यातली. कॅलमझूचा कारखाना १९८४ मध्ये बंद झाला.

या सगळ्या गोंधळात मार्टिन कंपनीचं दप्तर लखलखीत आहे. १८३३ मध्ये सुरू झालेल्या आणि पेनसिल्व्हेनियातल्या नॅझरेथमध्ये स्थिरावलेल्या या घराण्याने १८९८ मध्ये नंबर घालायला सुरुवात केली. आधी किती गिटारी झाल्या असतील याचा अंदाज घेऊन त्यांनी ८००० पासून मोजणी धरली आणि तीच रांग चालू ठेवली. २००४ मध्ये ती दहा लाखांवर पोचली. आवाजाच्या गोल भोकातून आत पाहिलं की नेकच्या ठोकळ्यावर नंबर दिसतो. दरवर्षीचा शेवटचा नंबर प्रसिद्ध असल्याने साल मिळायला मिनिटही लागत नाही.

मार्टिनच्या गिटारींचं आपल्या सह्याद्रीशीही नातं आहे. त्यांच्या उंची गिटारींच्या बाजू आणि पाठ ब्राझिली रोझवूडच्या असत. ते लाकूड मिळेनासं झालं, तेव्हा १९६९ पासून भारतीय रोझवूड, म्हणजे आपली शिसवी, त्या जागी आली. ब्राझिली रोझवूड १९९२ मध्ये वन्यजीव व्यापारावरच्या सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत गेलं. तेव्हापासून अशी गिटार सीमेपार न्यायची तर ती बंदीपूर्वीची असल्याची कागदपत्रं लागतात. इथे कालनिर्णय हौसेचा विषय राहत नाही, कायद्याचा होतो.

लाकूड स्वतःही साल सांगतं. गिटारच्या तोंडाच्या स्प्रूसच्या फळीवर बारीक समांतर रेषा दिसतात, ती झाडाची वार्षिक वलयं. चांगल्या पावसापाण्याच्या वर्षी वलय रुंद, वाईट वर्षी अरुंद. हा क्रम त्या प्रदेशातल्या ज्ञात कालक्रमाशी जुळवला की शेवटचं वलय कोणत्या साली वाढलं हे निघतं. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयातल्या ‘मसाया’ या स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिनच्या अस्सलपणाचा वाद याच पद्धतीने तपासला गेला. चिठ्ठीवर साल १७१६ आहे आणि फळीवरची शेवटची वलयं १६८० च्या दशकातली निघाली. त्याने व्हायोलिन स्ट्रॅडिव्हेरियसचंच आहे हे सिद्ध झालं नाही, पण ते एकोणिसाव्या शतकातल्या झाडाचं असल्याचा संशय उरला नाही.

रंगाची तपासणी अतिनील दिव्याखाली होते. जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर पिवळसर-हिरवं चमकतं आणि नंतर मारलेले रंगाचे हात काळपट ठिपक्यांसारखे वेगळे उठून दिसतात. फेंडरने साठच्या दशकाच्या अखेरीस जाड पॉलिस्टर रंग आणला, तो वेगळा चमकतो. १९५८-६० च्या लेस पॉलवरचा लाल रंग उन्हात उडून कित्येक गिटारी लिंबासारख्या पिवळ्या पडल्या. १९६० मध्ये कंपनीने टिकाऊ लाल वापरला. 

मुंबईत किंवा गोव्यात कुणाच्या घरी वादक आजोबांची जुनी गिटार माळ्यावर पडली असेल, तर तिला पॉलिश करून नवी करू नये. पुन्हा रंगवलेल्या गिटारची किंमत बाजारात साधारण निम्म्यावर येते. मोडके पॉट, गंजलेले स्क्रू, फाटकी केस, दुकानाची पावती, काहीही टाकू नये. नंबर, डाख आणि आतली चिठ्ठी यांचे फोटो आधी काढावेत आणि मगच एखाद्या जाणत्या कारागिराकडे जावं. नेक उघडायची वेळ आलीच, तर आधी तारा पूर्ण सैल कराव्यात.