उर्नेस चर्च
नॉर्वेतील एक मध्ययुगीन ग्रामीण काष्ठवास्तू. पश्चिम नॉर्वेच्या सोग्न भागात, लुस्टर फ्योर्डच्या पूर्व तीरावरील उंचवट्यावर, शेतवस्तीलगत ती आहे. ‘स्टाव’ म्हणजे उभा खांब. अशा खांबांवर उभारलेल्या चर्चवास्तूंना नॉर्वेत ‘स्टावकिर्के’ म्हणतात. त्यांपैकी २८ आज अवशिष्ट असून उर्नेस ही त्यांतील अतिप्राचीन वास्तूंत गणली जाते.

वृक्षवलयांच्या अभ्यासावरून या चर्चचा काळ सु. ११३० ठरतो. याच जागी त्यापूर्वी लाकडी चर्च होते. आरंभीच्या चर्चवास्तूंचे खांब जमिनीत पुरलेले असत. ओलाव्याने ते बुडाशी कुजत. विद्यमान वास्तूत दगडी जोत्यावर आडव्या तुळयांची चौकट मांडून तीवर खांब उभे केले आहेत. लाकडाचा मातीशी संबंध तुटल्यामुळेच ही वास्तू नऊ शतके टिकू शकली. तुळयांच्या खाचांत बसविलेल्या उभ्या फळ्यांच्या तिच्या भिंती आहेत.

अंतर्भागात १६ खांबांनी वेढलेले उंच मध्यदालन असून त्याभोवती कमी उंचीची वीथी आहे. खांबांवरील घनाकार स्तंभशीर्षे व त्यांना जोडणाऱ्या अर्धवर्तुळाकार कमानी यांत रोमनेस्क पाषाणवास्तूंचे अनुकरण दिसते. स्तंभशीर्षांवर मानव, पशू व पर्णाकृती कोरल्या आहेत.

चर्चचे सर्वांत मौल्यवान अंग म्हणजे उत्तरेकडील भिंतीतील कोरीव द्वारशिल्प. ते पूर्वीच्या, सु. १०७० च्या वास्तूतून काढून येथे पुन्हा बसविले आहे. परस्परांत गुंतलेले सडपातळ सर्प आणि त्यांच्याशी झुंजणारा चतुष्पाद पशू असा त्याचा विषय आहे. हा पशू ख्रिस्ताचे प्रतीक मानावा, की ख्रिस्तपूर्व नॉर्स पुराणकथांशी त्याचा संबंध जोडावा, याविषयी मतभेद आहेत. व्हायकिंग कलेच्या अखेरच्या टप्प्यास या शिल्पावरूनच ‘उर्नेस शैली’ हे नाव मिळाले. नव्या धर्माच्या मंदिरात जुनी कोरीवकला जतन करण्याची स्थानिकांची वृत्ती त्यातून व्यक्त होते.

धर्मसुधारणेनंतर वेदीकक्षाचा विस्तार झाला व सतराव्या शतकात अंतर्भागात नवे साहित्य आले. १८८१ मध्ये चर्चची मालकी नॉर्वेतील प्राचीन वास्तुसंरक्षण संस्थेकडे आली. १९७९ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. २००१ ते २०१५ या काळातील शासकीय संवर्धन योजनेत पायाची दुरुस्ती करण्यात आली. ज्या जोत्याने वास्तू तारली, त्याचीच काळजी घेणे अखेर आवश्यक ठरले.