आमटीत चिंच-गूळ मागाहून का?

आमटीसाठी तूरडाळ आधी कुकरमध्ये शिजते, घोटली जाते, चिंच-गूळ त्यानंतर. ही रीत मोडून चिंचेचा कोळ सुरुवातीलाच घातला, तर शिट्ट्यांवर शिट्ट्या होतात आणि डाळ कणीदारच राहते.

विटा जशा चुन्याने धरलेल्या असतात, तशा डाळीतल्या पेशी पेक्टिन नावाच्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. उकळत्या पाण्यात पेक्टिन तुटून विरघळतं, पेशी सुट्या होतात आणि रवी फिरवताच डाळ एकजीव होते. आंबट पाण्यात ते सहजासहजी तुटत नाही. गुळात साखरेबरोबर कॅल्शियमही असतं. ते पेक्टिनचे धागे एकमेकांत घट्ट अडकवतं. बोअरच्या जड पाण्यातही हेच कॅल्शियम. त्यात डाळ शिजता शिजत नाही आणि बोल मात्र वाण्याला लागतो!

खाण्याचा सोडा पेक्टिन झटपट सोडवतो, पण बी-१ जीवनसत्त्वाचा नाश करतो आणि जास्त पडला तर चव साबणकट होते. त्यापेक्षा डाळ तासभर भिजवावी; कुकरमधलं १२० अंशांच्या आसपासचं तापमान पुढचं काम करतं.

मिठाला मात्र उगाच बदनाम केलंय. राजमा-छोले मिठाच्या पाण्यात भिजवले, तर मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल उलट मऊ पडते.